मामाच्या डब्यातल्या अकरा डिस्का

सॉफ्टवेअरवाला माणूस सुट्टीला गावी गेला की त्याला दोन कामं हमखास चिकटतात. एक, कुणाचा तरी प्रिंटर. दोन, कुणाचा तरी 'स्लो' झालेला फोन. आम्ही बारामतीचे आणि आजोळ इंदापूर, त्यामुळे माझ्या वाट्याला दोन तालुक्यांचे प्रिंटर येतात :-)

२०२३ च्या दिवाळीत आईला घेऊन इंदापूरला गेलो, तेव्हा धाकट्या मामाने फरसाणाचा मोठा पत्र्याचा डबा पुढे केला. मी चिवड्याच्या आशेने हात घातला तर हाताला मोजा लागला. मोज्यात एक्स्टर्नल हार्ड डिस्क! असे अकरा मोजे, अकरा डिस्का. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि स्केचपेनने साल लिहिलेलं.

मामाचा फोटो स्टुडिओ आहे. आधी रोल, मग व्हिडिओ कॅसेट, आणि २००७-०८ पासून सगळं डिजिटल. लग्नं, साखरपुडे, जावळं, इंदापुरातलं पालखीचं रिंगण, शाळांची स्नेहसंमेलनं. दर लग्नसराईला एक नवी डिस्क घ्यायची, भरली की मोज्यात आणि मोजा डब्यात. त्याच्या पावतीवर छापलेलं आहे की सहा महिन्यांनंतर फोटो-व्हिडिओची जबाबदारी आमची नाही. पण पठ्ठ्याने आजवर एकही लग्न पुसलेलं नाही. "आरं, लोकांची लग्नं पुसायची म्हणजे कसं वाटतं?" एवढंच त्याचं म्हणणं.

त्या दिवाळीत डबा बाहेर यायला कारण होतं. जवळच्या गावातली एक मुलगी आदल्या आठवड्यात येऊन गेली होती. तिचे वडील २०२१ मध्ये कोरोनाने गेले. मोठ्या भावाच्या लग्नात, म्हणजे २०१२ साली, वडिलांनी माइक हातात घेऊन पाहुण्यांचे आभार मानले होते आणि बोलता बोलता रडले होते. घरातली डीव्हीडी चरे पडून बाद झालेली. "काका, तेवढाच त्यांचा आवाज आहे हो," असं ती मामाला म्हणाली. मामाने २०१२ चा मोजा काढला, डिस्क लावली, आणि आतून टिक... टिक... टिक.

ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. डिस्कच्या फिरत्या तबकडीवरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. त्याला जागा सापडेनाशी झाली की ते पुन्हा पुन्हा मूळ जागी जातं, आणि तो हा आवाज. अशा वेळी पहिली गोष्ट करायची ती म्हणजे वायर काढून टाकायची. मामाने अर्थातच तासभर पुन्हा पुन्हा लावून बघितली होती. आपण सगळे हेच करतो. पुण्यात एका ठिकाणी दाखवली. तबकडीवरच ओरखडे आहेत म्हणून त्यांनी हात वर केले.

तर मंडळी, इथून माझी वीकेंडची हमाली सुरू झाली. घरच्या घरी, स्वस्तात, पुष्कळ एक्स्टर्नल डिस्का जोडून साठवणूक करता येते का? येते. पण ती करताना माझी दोन-तीन मतं पार उलटीपालटी झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला सल्ला हिंजवडीतल्या मावसभावाचा. "क्लाउडवर टाक की, काय डोक्याला ताप!" मी हिशोब मांडला. चालणाऱ्या दहा डिस्कांवर मिळून सुमारे नऊ टीबी माल होता. त्यातल्या जुळ्या फाइली काढल्या. (प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखा एक आकडा काढायचा. ठसे सारखे तर फाइल सारखी.) तर साडेसहा टीबी उरले. मामाने 'सेफ्टी म्हणून' कित्येक लग्नं दोनदा ठेवली होती... त्याच डिस्कवर, 'कॉपी' आणि 'कॉपी फायनल' नावाच्या फोल्डरांत! म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेल्या.

आता हे साडेसहा टीबी २० एमबीपीएस अपलोडने वर पाठवायचे तर अखंड तीस दिवस लागतात. अखंड म्हणजे लाइट न जाता, लाइन न तुटता. शिवाय दर महिन्याचं भाडं. आणि भाडं थकलं की? मामा उद्या आजारी पडला, कार्डाची मुदत संपली, पासवर्ड कुणालाच माहीत नाही, की पंधरा वर्षांची लग्नं एका ईमेलसरशी हवेत. क्लाउड वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझी रोजीरोटीच त्यावर चालते. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे जास्त चांगलं कळतं. नीरा डाव्या कालव्याला १८८५ पासून पाणी आहे, तरी बारामती-इंदापुरात लोक शेततळी खणतात. आवर्तन कधी सुटेल आणि टेलपर्यंत किती पोचेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून. कालवा हवाच, पण घरचं तळंही हवं.

दुसरा सल्ला माझा मलाच होता आणि तो जास्त धोक्याचा होता. तो म्हणजे 'रेड' लाव. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक प्रसिद्ध पेपर लिहिला. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्का एकत्र बांधा आणि एखादी मेली तरी काम चालू ठेवा, असं त्याचं सार. रेडमधल्या 'आय'चा मूळ अर्थ 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त. पुढे कंपन्यांनी त्याचा 'इंडिपेंडंट' केला. स्वस्त म्हणून महाग वस्तू कशी विकणार! असो.

तर मी बारामतीच्या घरी बसून मोठ्या हौसेने मांडामांड केली. स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स. त्याला स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. (हे महत्त्वाचं. यूएसबी ३ च्या पोर्टमधून ठरल्याप्रमाणे ९०० मिलिअँपिअर मिळतात आणि पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना जवळपास तेवढे मागते. बिनअडॅप्टरच्या हबवर तीन डिस्का लावल्या की तिघीही उपाशी.) चार टीबीच्या तीन नव्या पोर्टेबल डिस्का, तेव्हा साधारण नऊ-साडेनऊ हजारांना एक. दोन डिस्कांवर माल आणि तिसरीवर स्नॅपरेड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने 'पॅरिटी'.

पॅरिटी म्हणजे काय ते मामाला असं सांगितलं. समजा दोन भावांचा ऊस कारखान्याला गेला. थोरल्याची पावती ४२ टनांची, धाकट्याची ३७ ची. तिसऱ्या कागदावर फक्त बेरीज लिहून ठेवली, ७९. आता धाकट्याची पावती हरवली तरी ७९ वजा ४२, म्हणजे ३७. तिन्हीपैकी कुठलाही एक कागद हरवला तरी चालतं. डिस्कवर हेच बिटांच्या पातळीवर होतं, इतकंच.

मामाने डोकं हलवलं आणि विचारलं, "आणि तिन्ही कागद एकाच ट्रंकेत असले आणि ट्रंकच जळाली तर?"

वीस सेकंद मी गप्प. आमच्या धंद्यात 'रेड म्हणजे बॅकअप नव्हे' हे वाक्य पाठ असतं. पण पाठ असणं वेगळं आणि स्वतःच्या टेबलावर एकाच हबमध्ये तीन डिस्का खोचलेल्या असताना ते समजणं वेगळं. एक वीज पडली, एक चोरी झाली, एका पोराने वायरीला पाय अडकवून हब खाली पाडला, की माल आणि बेरीज दोन्ही एकदम खलास. आणि मामाने चुकून एखादं फोल्डर पुसलं तर? पुढच्या वेळी हिशोब ताजा केला की पॅरिटीही निमूटपणे नवीन हिशोब मान्य करणार.

त्याच आठवड्यात आणखी एक धडा मिळाला. रात्री लाइट गेली, इन्व्हर्टर लागायला क्षणभर उशीर झाला. लॅपटॉपला बॅटरी होती म्हणून तो जागा राहिला, पण हबचा श्वास तुटला आणि डिस्का गायब झाल्या. माझी कॉपी करणारी स्क्रिप्ट मात्र चालूच. डिस्क ज्या फोल्डरवर जोडलेली असायची ते फोल्डर आता रिकामं होतं. स्क्रिप्टने त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्याच पोटात, लग्नं कोंबायला सुरुवात केली. सकाळी लॅपटॉप गच्च भरलेला आणि 'बॅकअप यशस्वी' असा मेसेज! आता प्रत्येक डिस्कवर एक छोटी खुणेची फाइल आहे. ती दिसली तरच कॉपी सुरू होते, नाहीतर स्क्रिप्ट तिथेच थांबते. आणि डिस्क ओळखायची ती तिच्या स्वतःच्या क्रमांकावरून, कुठल्या भोकात खोचली त्यावरून नाही.

तेव्हा मी पॅरिटी काढून टाकली. चौथी डिस्क घेतली. दोन डिस्का इंदापूरला मामाच्या स्टुडिओत, आणि त्यांच्या हुबेहूब जुळ्या दोन बारामतीला आमच्या कपाटात. मधे पन्नासेक किलोमीटर. दिवाळीला आणि पालखीच्या वेळी, वर्षातून दोनदा, कुणीतरी येतं-जातंच. तेव्हा ताजं करून आणायचं. जुन्या दहा डिस्का पुन्हा मोज्यात, डब्यात. त्या तिसरी प्रत. चार डिस्का, हब आणि भंगारात जाणारा लॅपटॉप मिळून चाळिशीच्या आत काम झालं.

ही माझी अक्कल नव्हे. 'तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी' हा ३-२-१ नियम मांडला तो पीटर क्रोग नावाच्या एका फोटोग्राफरने, २००५ च्या त्याच्या पुस्तकात. म्हणजे मामाच्याच जातभाईने. पुस्तकाचं नाव 'द डॅम बुक'. तिथे डॅमचा अर्थ 'डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट' असला तरी उजनीच्या काठच्या माणसाला हसू येणारच. दुसरं माध्यम म्हणून प्रत्येक लग्नातले निवडक फोटो आणि घरच्या वडीलधाऱ्यांची बोलणारी दोन-चार मिनिटं एवढंच क्लाउडवर टाकलं. पन्नास जीबीसुद्धा भरले नाहीत. कालव्याचा उपयोग असा करावा.

काही मित्र म्हणतात, एक्स्टर्नल डिस्का म्हणजे खेळणी. मला तसं वाटत नाही. २०११ साली थायलंडला मोठा पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कांचे भाव कडाडले. तेव्हा बॅकब्लेझ ही अमेरिकन बॅकअप कंपनी काय करत होती? दुकानांत एका गिऱ्हाइकाला दोनच डिस्का मिळत, म्हणून तिचे कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक दुकानोदुकानी फिरून एक्स्टर्नल डिस्का उचलत, त्यांची प्लॅस्टिकची कवचं सोलत आणि आतल्या डिस्का सर्व्हरमध्ये लावत. या उद्योगाला त्यांनी नाव दिलं 'ड्राइव्ह फार्मिंग'. म्हणजे शेतीच! त्याच कंपनीने नंतर हजारो डिस्कांचे मरण्याचे आकडे जाहीर करायला सुरुवात केली. त्यांच्याकडे अलीकडच्या वर्षांत शंभरातल्या साधारण एक-दीड डिस्का वर्षाला मरतात. तेही थंड खोलीत, न हलवता. आपल्याकडे ती पिशवीतून एसटीने येते, लग्नमंडपात टेबलावरून पडते आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली तापते. म्हणून डिस्क मरणार हे गृहीतच धरायचं. प्रश्न फक्त एवढाच, की ती मेली तर तुमची झोप उडेल का?

(ज्यांना सोलायची हौस आहे त्यांच्यासाठी: लहान पोर्टेबल डिस्कांत बऱ्याचदा यूएसबीचं भोक डिस्कच्या बोर्डावरच झाळलेलं असतं. सोलून काही मिळत नाही. काहींमध्ये तर तोच बोर्ड डेटा कुलूपबंद करत असतो. बोर्ड गेला की तबकडी ठणठणीत असूनही उपयोग शून्य. सोलायचीच तर भरण्याआधी सोला.)

पण आता खरा मुद्दा. दोन घरी दोन प्रती झाल्या, मी खूश. मग मामाला म्हटलं, "समजा मी नाहीये. २०१५ सालचं निमगाव केतकीचं एखादं लग्न काढून दाखवा." मामा वीस मिनिटं शोधत राहिला. फोल्डरांची नावं 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'अर्जंट', 'अर्जंट नवीन'. लग्न डिस्कवर होतं, दोन्ही गावी होतं, आणि तरी नव्हतं.

उजनीच्या बातम्या वाचणाऱ्यांना 'मृतसाठा' हा शब्द माहीत असतो. उजनीत सगळं मिळून सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे निम्म्याहून जास्त. पेपरात 'उजनी शून्य टक्के' येतं तेव्हा धरण कोरडं नसतं, पाणी असतं, पण सोडायच्या दारांच्या खाली गेलेलं असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला आणि जुन्या पळसदेवचं पाण्यात बुडालेलं देऊळ उघडं पडलं. मामा कॅमेरा घेऊन गेला होता. आजोबांचं जुनं घर त्याच बाजूला कुठेतरी पाण्याखाली आहे. त्या घराचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मामा कुणाचं लग्न का पुसत नाही ते मला तेव्हा थोडंसं कळलं.

तर डिस्कवर असलेला पण सापडत नसलेला डेटा म्हणजे मृतसाठा. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तोच जास्त आहे. आपण टीबीचे आकडे सांगतो, जसे धरणाचे एकूण टीएमसी सांगावेत. विचारायला हवं ते हे, की यातलं किती पाच मिनिटांत बाहेर येतं आणि ते काढणारा माणूस मी सोडून दुसरा कोण?

मग सहा शनिवार-रविवार मामा, मामी आणि मी फोल्डरांना नावं देत बसलो. तारीख, गाव, दोन्हीकडची आडनावं. मामाची लग्नाच्या ऑर्डरची वही सुदैवाने सगळी शाबूत होती. मामीला तर कुठल्या लग्नात कुठली साडी होती हेही आठवत होतं, त्यावरून पाच-सहा बेवारस लग्नांचा पत्ता लागला. ती वही आता डब्यात असते आणि तिची झेरॉक्स बारामतीला. एवढ्या सगळ्या यंत्रसामग्रीत सर्वांत भरवशाची गोष्ट कुठली विचाराल तर मी ती वही म्हणेन.

डिस्का मी मुद्दाम साध्या ठेवल्या. सगळ्यांची मिळून एक मोठी डिस्क दिसेल असं काही केलं नाही. कुलूपबंदही केल्या नाहीत, कपाटाला कुलूप लावलं. इंजिनिअर मित्र यावर नाकं मुरडतील. दुसऱ्यांच्या घरची लग्नं आहेत, डिस्क चोरीला गेली तर काय, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मला जास्त भीती होती ती ही, की एक दिवस मामाच्या मुलीला ही डिस्क मिळेल आणि ती उघडणार नाही. कुठलीही एक डिस्क उचलायची, कुठल्याही साध्या कॉम्प्युटरला लावायची आणि लग्न बघायचं, एवढी सोय टिकणार असेल तर माझी कारागिरी गेली उडत.

त्या मुलीचं काय झालं? जुळ्या फाइली शोधताना २०१३ च्या डिस्कवर 'अल्बम सिलेक्शन' नावाचं एक फोल्डर निघालं. त्यात त्या लग्नाचे चौदा फोटो होते. एकात तिचे वडील माइक धरून उभे आहेत, फेटा जरा तिरका झालाय, डोळे मिटलेले. मामाने मोठा प्रिंट काढला, पैसे घेतले नाहीत. ती आली तेव्हा योगायोगाने मी स्टुडिओतच होतो. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आवाज नाहीच ना, काका?"

मामा म्हणाला, "नाही गं बाळा."

२०१२ साली चार-पाच हजारांची एक जास्तीची डिस्क घेतली असती आणि दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवली असती, तर उत्तर वेगळं असतं. बस, एवढंच म्हणायचं होतं. आज सुट्टी आहे. कपाटातली ती जुनी डिस्क काढा, लावा, आणि एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. चालला, तर उद्याच दुसरी डिस्क घ्या.